लुर्दला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुर्द म्हणजे मरियामातेच्या दर्शनांसाठी ओळखलं जाणारं फ्रान्समधलं कॅथलिक तीर्थस्थान. कोविडच्या आदल्या वर्षी आईला व्हीलचेअरवरून तिथे नेऊन आणलं. तेव्हापासून रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात कोणी ना कोणी गाठतंच. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि प्रत्येक वेळी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा सगळं सावकाश लिहून काढलं आहे.

नाव नक्की काय? लूर्ड्स, लुर्द की लुर्डेस?

फ्रेंच उच्चार 'लुर्द'. आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने 'लूर्ड्स' आलं. वसईत दोन्ही चालतं आणि 'लुर्दमाता' हे तर तोंडात बसलेलंच आहे. तिकीट काढताना मात्र स्पेलिंग बघा, उच्चारावर जाऊ नका.

हे आहे कुठे? डोंगर चढावा लागतो का?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी. गावाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्यापेक्षाही कमी. पण दक्षिणेला मान वळवली की मोठे डोंगर उभे दिसतात, आणि हवा पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर चालते. दर्शनं झाली असं मानतात ती गुहा खाली नदीकाठी आहे, तिथपर्यंत रस्ता सपाट आहे. चढ लागतो तो जुन्या गावात आणि किल्ल्याकडे जाताना.

नदीचं नाव 'गाव' आहे, पूर्ण नाव गाव द पो. त्या भागात डोंगरातून धावत येणाऱ्या नद्यांना 'गाव'च म्हणतात. गाव गावाच्या मधून वाहते, असं आईला सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतोय.

१८५८ मध्ये नक्की काय घडलं?

आपल्याकडे ही गोष्ट फार गुळगुळीत करून सांगतात. मूळची गोष्ट बरीच खडबडीत आहे.

दर्शनं झाली ती बर्नादेत सुबिरू नावाच्या गावातल्याच मुलीला. तिचा जन्म ७ जानेवारी १८४४ चा. वडील गिरणीवाले. धंदा बुडाला, कर्ज झालं, एकेक करत घरं सोडावी लागली आणि शेवटी सहा माणसांचं कुटुंब 'काशो' नावाच्या एका खोलीत येऊन पडलं. ही खोली म्हणजे गावचा जुना तुरुंग. कैद्यांना ठेवायलाही योग्य नाही म्हणून तो बंद केलेला होता. खोली साधारण ३.७ बाय ४.४ मीटर, आजही ती बघता येते. १८५७ मध्ये पीठचोरीच्या संशयावरून वडिलांना काही दिवस कोठडीत टाकलं होतं. पोरीला दमा, त्यात १८५५ च्या साथीत कॉलरा होऊन गेलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं, फ्रेंचही येत नव्हतं. ती गास्कोन बोली बोलायची.

११ फेब्रुवारी १८५८ ला ती बहीण त्वानेत आणि मैत्रीण जान आबादी यांच्याबरोबर सरपण आणि हाडं गोळा करायला गेली. हाडं भंगारात विकली जायची. जागा होती मासाबिएल, म्हणजे 'जुना खडक'. गावची डुकरं चरायला यायची तिथली ही ओली, घाणेरडी कपार, म्हणजेच आजची गुहा. पांढरा पोशाख, निळा पट्टा आणि दोन्ही पायांवर एकेक पिवळा गुलाब असलेली एक आकृती तिथे दिसली, असं तिने सांगितलं. १६ जुलैपर्यंत अशी एकूण अठरा दर्शनं झाली.

माझ्या मनात घर करून राहिलेला तपशील वेगळाच आहे. बर्नादेतने सुरुवातीला त्या आकृतीला 'मरिया' म्हटलंच नाही. ती म्हणायची 'आक्वेरो', म्हणजे 'ते'. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये हे सांगताना लोक अडखळतात. आपल्याला नपुंसकलिंगी 'ते' जवळचं आहे, म्हणून लगेच कळतं. जे दिसलं त्याला तिने ना बाई म्हटलं ना देवमाता, नुसतं 'ते' म्हटलं. आणि 'ते' तिच्याशी बोललं तेव्हा आदरार्थी बोललं: आपण कृपा करून पंधरा दिवस इथे याल का? तुरुंगाच्या खोलीत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीला तोवर 'आपण' कोण म्हणणार?

मग ती मरियाच होती हे कसं ठरलं?

धर्मगुरू आबे पेरामाल तापट गृहस्थ होते. 'चॅपल बांधा, मिरवणुकीने या' असा निरोप घेऊन पोर आली, तेव्हा त्यांनी सरळ बजावलं, आधी नाव विचारून ये. २५ मार्चला उत्तर मिळालं, तेही गास्कोनमध्ये: "के सोय एरा इमाकुलादा कुन्सेप्सिऊ." मी निष्कलंक गर्भसंभव आहे. म्हणजे मरिया आईच्या उदरात आली त्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती, ही कॅथलिक शिकवण. बर्नादेतला त्याचा अर्थ माहीत नव्हता. विसरू नये म्हणून ती वाटभर ते शब्द घोकत गेली आणि पेरामाल यांच्यासमोर तसेच्या तसे म्हणून दाखवले.

पोप नववे पायस यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त ८ डिसेंबर १८५४ ला जाहीर केला होता, म्हणजे जेमतेम सव्वातीन वर्षं आधी. विरोधक म्हणाले, कुठेतरी कानावर पडलं असेल. श्रद्धावंत म्हणाले, निरक्षर पोरीला हे सुचणं शक्य नाही. हा वाद अजून संपलेला नाही आणि तो माझ्याच्याने मिटणार नाही.

चर्चने लगेच मान्य केलं का?

मुळीच नाही. पोलीस अधिकारी जाकोमे यांनी तिची कसून चौकशी केली. जूनमध्ये गुहेला फळ्या ठोकून बंदी घातली, त्यामुळे शेवटचं दर्शन तिने नदीपलीकडून घेतलं. बंदी उठली ऑक्टोबरमध्ये, सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने. तार्बचे बिशप लोराँस यांनी चौकशी समिती नेमली आणि जवळजवळ चार वर्षांनी, १८ जानेवारी १८६२ ला, दर्शनं खरी असल्याचं जाहीर केलं.

झऱ्याच्या पाण्यात काय आहे?

पाणी. गंमत करत नाही. १८५८ सालीच तुलूझच्या फिलोल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासून सांगितलं की हे साधं पिण्याचं पाणी आहे, त्यात औषधी असं काही नाही. गावकऱ्यांची त्यामुळे थोडी निराशाच झाली. पिरेनीजमध्ये गरम पाण्याच्या कुंडांची गावं चांगली चालत होती, आपल्यालाही तसलंच काही मिळालं असं काहींना वाटलं होतं.

झरा सापडला २५ फेब्रुवारीला. बर्नादेतने चिखल उकरला, ते गढूळ पाणी प्यायली, तोंडाला फासलं, गवत खाल्लं. जमलेल्या तीनेकशे लोकांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं, आणि कित्येक जण मान हलवत घरी गेले. आता गुहेच्या आत काचेखाली तो झरा दिसतो. पाणी नळांना आणि स्नानगृहांना पुरवतात.

एवढंसं गाव इतकं मोठं कसं झालं?

तेव्हा गावाची वस्ती चारेक हजारांची होती. या वाढीमागचा धागा शोधायचा तर मी रेल्वेकडे बोट दाखवेन. रेल्वे लुर्दला पोचली १८६६ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात क्रिप्ट, म्हणजे खडकावरचं पहिलं छोटं चर्च खुलं झालं. दर्शनाला लोक आधीही येतच होते, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बैलगाडीतून किती लांब नेणार? आगगाडीत स्ट्रेचर चढवता येतो. १८७० च्या दशकात फ्रान्स प्रशियाकडून हरलेला, देश दुखावलेला, आणि असंप्शनिस्ट नावाच्या धर्मसंघाच्या फादरांनी १८७३ पासून राष्ट्रीय यात्रा सुरू केली. ती अजूनही १५ ऑगस्टच्या सुमारास भरते. पुढे रुग्णांसाठी खास गाड्या सुटू लागल्या. पंढरी, वेळांकणी, लुर्द, सगळीकडे भक्ती माणसांची असते, पण तिला रस्ता लागतो.

आज वस्ती तेरा-चौदा हजार आणि हॉटेलं इतकी, की फ्रान्समध्ये पॅरिसखालोखाल लुर्दचं नाव घेतात. हिवाळ्यात यातली बरीचशी बंद असतात, गाव ओसाड वाटतं.

तिथे गेल्यावर आजार बरा होतो का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, बहुधा बाकीचे पांगल्यावर. म्हणून उत्तर आकड्यांत देतो.

गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत सात हजारांहून जास्त लोकांनी 'मी बरा झालो' अशी नोंद केली. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणं २०२५ पर्यंत ७२. सात हजारांतली बहात्तर. आणि नोंद न करता आलेल्या-गेलेल्यांचा आकडा कोट्यवधींत.

आईने तिथे जाण्याआधी हाच हिशेब ऐकला होता. तिचा संधिवात बरा झाला नाही. ती तिथे रडली, पण एकदाच, तेही मिरवणुकीत. कारण विचारलं तर म्हणाली, "इथे आम्ही पुढे आणि तुम्ही धडधाकट मागे." ते अक्षरशः खरं आहे. मिस्सा असो की मिरवणूक, व्हीलचेअर आणि स्ट्रेचर पहिल्या रांगेत. रस्त्यावर त्यांच्यासाठी लाल रंगाची पट्टी आखलेली आहे. एरवी लग्नात, मयताला, स्टेशनवर, सगळीकडे कोपऱ्यात ठेवलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा समोर बसवतात.

चमत्कार कोण ठरवतं? फादर म्हणतील तो?

आधी डॉक्टर. लुर्दमध्ये १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे येणारा कुठल्याही धर्माचा किंवा निधर्मी डॉक्टर नाव नोंदवून तपासणीत भाग घेऊ शकतो. कसोट्या कडक आहेत: आजार गंभीर आणि कागदोपत्री सिद्ध हवा, बरं होणं अचानक आणि संपूर्ण हवं, ते टिकायला हवं, आणि औषधोपचारांनी त्याचा उलगडा होता कामा नये. कॅन्सरच्या प्रकरणात तर वर्षानुवर्षं थांबतात. त्यानंतर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समिती फक्त एवढंच म्हणते, की आजच्या ज्ञानानुसार याचं स्पष्टीकरण देता येत नाही. 'चमत्कार' हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. तो वापरायचा की नाही हे त्या रुग्णाच्या स्वतःच्या धर्मप्रांताचा बिशप ठरवतो.

सिस्टर बर्नादेत मोरियो यांचं उदाहरण घ्या. मणक्याखालच्या मज्जातंतूंच्या विकाराने वर्षानुवर्षं त्रस्त. २००८ मध्ये त्या लुर्दला जाऊन आल्या आणि बऱ्या झाल्या त्या परतल्यावर, आपल्या मठात. सत्तरावा चमत्कार म्हणून मान्यता मिळायला २०१८ उजाडलं. एकाहत्तरावं प्रकरण त्याहून लांबलं: पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला जखमी झालेला लिव्हरपूलचा जॉन ट्रेनर १९२३ मध्ये लुर्दला गेला, बरा झाला आणि पुढे कोळशाचा धंदा करू लागला. मान्यता डिसेंबर २०२४ मध्ये! बहात्तराव्या अंतोनिएत्ता राको या इटलीच्या. मज्जातंतूंच्या असाध्य विकारातून त्या २००९ मध्ये बऱ्या झाल्या, घोषणा एप्रिल २०२५ मध्ये झाली.

बर्नादेतचं न कुजलेलं शव लुर्दमध्ये बघायला मिळतं ना?

नाही. निम्मे लोक हीच चूक करतात. १८६६ च्या जुलैमध्ये ती मध्य फ्रान्समधल्या नव्हेर गावी मठात गेली आणि पुन्हा कधीही लुर्दला परतली नाही. तिथेच १६ एप्रिल १८७९ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती गेली. हाडांचा क्षय झाला होता. शव नव्हेरलाच काचेच्या पेटीत आहे. चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचा पातळ मुखवटा चढवलेला आहे, हे तिथे कोणी लपवत नाही. १९३३ मध्ये तिला संत घोषित केलं.

गुहेतला संगमरवरी पुतळा १८६४ चा, शिल्पकार फाबिश. बर्नादेतला तो आवडला नव्हता. तिने पाहिलेलं 'ते' लहान, कोवळं होतं, पुतळा पोक्त बाईचा झाला. जगभरच्या ग्रोटोंमध्ये, म्हणजे या गुहेच्या प्रतिकृतींमध्ये, त्याच पुतळ्याच्या नकला आहेत, हे तिला कळलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

आईला/बाबांना चालता येत नाही. जमेल का?

लुर्दमध्ये जमेल, तिथवर पोचणं हीच खरी परीक्षा. आमची व्हीलचेअर विमान बदलताना मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. म्हणून औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी (इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह) आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.

तिथे गेल्यावर निळं छत असलेल्या तीनचाकी गाड्या मिळतात, आपल्या हातरिक्षासारख्या. ओढणारे स्वयंसेवक असतात. १८८५ पासूनची त्यांची 'ऑस्पितालिते' नावाची संघटना आहे, आणि हे लोक स्वतःच्या खर्चाने, रजा काढून येतात. आईची गाडी ओढायला इटलीतले एक निवृत्त पोस्टमन होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर गप्पा चालल्या होत्या. गंभीर रुग्णांसाठी 'आक्योय' नावाची निवासस्थानं आहेत, पण तिथली जागा बहुधा गटयात्रेतर्फे आधीच ठरवावी लागते.

स्नान करायला मिळतं का?

आईने केलं तेव्हा पद्धत अशी होती: पडद्याआड कपडे उतरवायचे, गार ओली चादर गुंडाळायची, स्वयंसेविका दोन्ही बाजूंनी धरून दगडी टाकीत उतरवतात. पाणी साधारण १२ अंश, म्हणजे श्वास अडकतो. टॉवेल देत नाहीत, तसंच कपडे चढवायचे. कोविडनंतर 'पाण्याची कृती' सुरू झाली. ओंजळीत पाणी ओततात, हात-तोंड धुवायचं, दोन घोट प्यायचे. संपूर्ण स्नान त्यानंतर मर्यादित प्रमाणात परत आलं आहे, तेव्हा जाण्याआधी तीर्थस्थानाच्या संकेतस्थळावर वेळा बघा. दमा-हृदयरोग असेल तर हट्ट करू नका.

मेणबत्त्यांची मिरवणूक रोज असते?

हंगामात रोज रात्री ९ वाजता. वेगवेगळ्या भाषांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालते आणि गाण्याच्या प्रत्येक ध्रुपदाला हजारो मेणबत्त्या एकदम वर जातात. कागदी झाकणाची मेणबत्ती घ्या, नाहीतर वाऱ्याने विझते. 'नमो मरिये' आपापल्या भाषेत म्हटलं तरी कोणी वळून बघत नाही. दुपारी ५ ला पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीची, मिरवणूक असते, तीही चुकवू नका.

चर्चं किती? कुठलं बघू?

एकावर एक रचल्यासारखी आहेत: क्रिप्ट, तिच्यावर १८७१ चं निष्कलंक गर्भसंभवाचं बसिलिका (म्हणजे मोठ्या मानाचं चर्च), खाली रोझरी बसिलिका. मला सगळ्यात भावलं ते जमिनीखालचं सेंट पायस दहावे. १९५८ चं, काँक्रीटचं, पंचवीस हजार माणसं मावतात. पहिल्या नजरेला गाड्यांचं पार्किंग वाटतं. भरलं की मत बदलतं.

रोझरी बसिलिकाच्या दारांवरची मोझॅक २०२५ मध्ये झाकली गेली. ती करणाऱ्या धर्मगुरू-कलावंतावर स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे आरोप आहेत. पीडितांना त्या दारातून जाणं जड जाऊ नये म्हणून तिथल्या बिशपांनी हा निर्णय घेतला. उशिरा का होईना, बरं केलं.

दुकानांचा फार बाजार झालाय म्हणे?

झालाय. मरियामातेच्या आकाराच्या, निळ्या टोपणाच्या प्लास्टिक बाटल्यांनी रस्तेच्या रस्ते भरलेत. तीर्थस्थानाच्या फाटकाच्या आत मात्र हा बाजार नाही. पाणी फुकट आहे, पैसे बाटलीचे.

पाणी घरी आणता येतं?

येतं, पण मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेतच. टोपणाला चिकटपट्टी लावा. आमच्या एका नातेवाइकाच्या सुटकेसमधले सगळे शर्ट पावन झाले होते.

कधी जावं, किती दिवस?

ईस्टर ते ऑक्टोबर. तीन रात्री पुरतात. ११ फेब्रुवारीचा सण मोठा आहे आणि १९९३ पासून तोच जागतिक रुग्णदिन म्हणून पाळतात, पण थंडी कडाक्याची असते. चौथा दिवस मिळाला तर गावार्नीला जा. तिथला डोंगरांचा अर्धगोल आणि चारशे मीटरहून उंच धबधबा पाहिल्यावर आपण पिरेनीजला आलो होतो हे लक्षात येतं.

कसं पोचायचं?

फ्रान्सचा शेंगेन व्हिसा, मुंबई ते पॅरिस विमान, मग मोंपार्नास स्टेशनवरून थेट रेल्वे, साधारण पाच तास. पॅरिसला विमानतळ आणि हे स्टेशन शहराच्या दोन टोकांना आहेत, मधे तीन तास तरी ठेवा.

मराठी मिस्सा असते का? आणि ख्रिस्ती नसलेल्यांनी आलं तर?

मराठी नाही, इंग्रजी असते. स्वतःचे फादर बरोबर असतील तर गटासाठी चॅपल मागता येतं. आणि कोणीही यावं, गुहेपाशी धर्म विचारत नाहीत. युरोपात स्थायिक झालेले श्रीलंकेचे तमिळ लोक मोठ्या संख्येने येतात, त्यांत हिंदूही असतात.

जाणं परवडणारच नसेल तर?

मालाडच्या ऑर्लेमचं चर्च लुर्दमातेचंच आहे. पुद्दुचेरीजवळ विल्लियनूरचं लुर्दमाता मंदिर तर १८७० च्या दशकातलं आहे, म्हणजे बर्नादेत जिवंत असतानाचं. आईने परतल्यावर शेजारच्या मावशींना बाटली दिली, त्यांनी ती देवघरात ठेवली. त्या ख्रिस्ती नाहीत.

एकच गोष्ट न्यायची तर काय नेऊ?

रेनकोट. छत्री नको, व्हीलचेअर ढकलताना हात मोकळे लागतात.